आईची रजा तासांत मोजा

महोदय,
दिव्यांग मुलांच्या नोकरदार आयांचे खाडे क्वचितच सलग असतात. थेरपी पाऊण तासाची. पण नागपुरात सक्करदऱ्याहून धंतोलीला मुलाला घेऊन जायचे, परत सोडायचे, मग ऑफिस गाठायचे, यात अर्धा दिवस जातो. आठवड्यातून दोनदा. केंद्रीय कर्मचारी महिलांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, मूल ४० टक्के किंवा अधिक दिव्यांग असेल तर वयाची अटही नाही. मात्र ती एका वेळी किमान ५ दिवस आणि वर्षातून तीनदाच घेता येते (एकल मातेला सहादा). गरज असते काही तासांची! खासगी नोकरीत तर तीही नाही, थेट पगारकपात.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या मुलाची कूस रात्री दोन-तीनदा बदलावी लागते. आईची अशी तुटक झोप महिनोन्‌महिने चालली की चिडचिड, विसराळूपणा, कारण नसताना रडू येणे सुरू होते, आणि घरचे म्हणतात, ‘थकली असेल’. दोन आठवड्यांहून जास्त असे राहिले तर तो नुसता थकवा समजू नये. नागपुरातील मेडिकल व मेयो या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. रांगेला वेळ नसेल तर १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते.

कार्यालयांनी निदान एवढे करावे : थेरपीचे वेळापत्रक महिन्याच्या सुरुवातीलाच घ्यावे, तेवढे तास नंतर भरून घ्यावेत आणि त्या दिवशी लेटमार्क लावू नये.

– काही समुपदेशक व थेरपिस्ट, नागपूर