आई-आप्पा, भरीत बंद करू नका

प्रिय आई आणि आप्पा,

फोनवर हे सगळं बोलणं होत नाही. आप्पा दोन मिनिटांत फोन आईकडे देतात आणि आई "जेवलीस का" विचारून ठेवून देते, म्हणून आज बसून लिहितेय. दादाला सांगितलंय की रात्री जेवणं झाली की दोघांना समोर बसवून हळूहळू वाचून दाखव.

वहिनीनं आप्पांच्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टचा फोटो पाठवला तेव्हा मी ऑफिसात होते. टोटल २४६, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १६८, एचडीएल म्हणजे चांगलं ३८, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी २००. मी तो फोटो मोठा करून तीनदा पाहिला, कारण जूनमध्ये हाच आकडा इतका छान खाली आला होता. मग वहिनीकडून कळलं की आप्पांनी दिवाळीनंतर गोळी बंद केली, का तर रिपोर्ट नॉर्मल आला होता ना. आणि आईनं घाबरून घरातलं सगळंच बंद केलंय, भरीत नाही, बट्टी नाही, ठेचा नाही, रोज उकडलेला दुधी आणि कोरडा फुलका, आणि त्याला कंटाळून आप्पा संध्याकाळी स्टँडवर जाऊन शेवभाजी खाऊन येतात. आप्पा, मी रागवत नाहीये. मला भीती वाटली म्हणून लिहितेय.

आधी गोळीचं. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळी चालू होती म्हणूनच आला. आपल्या रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं, खाण्यातून येतं ते त्यामानाने कमी. ती गोळी यकृताचं हे बनवणं कमी करते, मग यकृताला लागणारं कोलेस्टेरॉल ते रक्तातून ओढून घेतं आणि एलडीएल खाली येतं. गोळी थांबवली की काही आठवड्यांत यकृत पुन्हा पहिल्यासारखं काम करायला लागतं. म्हणजे ताप उतरला की बंद करायची अशी ही गोळी नाहीच, शेजारचे बाबा काही का सांगेनात. पाय दुखतात, अंग ठणकतं असं काही होत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करतात किंवा दुसरी गोळी देतात, पण मनानं बंद करू नका आणि त्याच्या बदल्यात लसूण-मधाचा काढा घेऊ नका. लसूण भरतात खायचाच आहे आपल्याला.

तुम्हाला ठिबकवरून पटेल म्हणून सांगते. केळीच्या बागेत नळ्यांमध्ये क्षार साचतात, आधी शेवटच्या झाडाला पाणी कमी पडतं, पानं पिवळी पडेपर्यंत कळतही नाही. तुम्ही दरवर्षी ॲसिड सोडून त्या नळ्या धुता. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचंही असंच चालतं, वर्षानुवर्षं हळूहळू, काही दुखत नाही खुपत नाही. फरक एवढाच की एलडीएल नळीच्या आत नुसतं चिकटत नाही, ते भिंतीच्या आतच शिरून बसतं, तिथे सूज येते, गाठ तयार होते, आणि एखाद्या दिवशी ती गाठ फुटली की त्यावर रक्त गोठून वाट बंद होते. तिथे ॲसिड सोडून धुता येत नाही आप्पा. साचू द्यायचं नाही एवढंच आपल्या हातात आहे.

मोठे काका असेच गेले ना. शेतात छातीत दाबल्यासारखं झालं, घाम आला, सगळ्यांना वाटलं ॲसिडिटी, सोडा दिला, झाडाखाली झोपवलं, दोन तास त्यातच गेले. मी तेव्हा बारावीत होते आणि मला आजही त्या खाटेचा आवाज आठवतो. म्हणून हे ठरवून टाका, छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, अचानक घाम, यातलं काहीही झालं तर सोडा नाही, चोळणं नाही, सरळ १०८ ला फोन. नंतर काहीच नव्हतं असं निघालं तरी चालेल.

आता भरीत. आई, तू भरीत बंद केलंस हे ऐकून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. अगं वांग्यानं काय केलंय? वांग्यात कोलेस्टेरॉल अजिबात नसतं, ते फक्त दूध, तूप, अंडी, मटण असल्या प्राण्यांकडून येणाऱ्या गोष्टींत असतं. (म्हणूनच तेलाच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात कोलेस्टेरॉल फ्री लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ नाही, शेंगदाण्याच्या तेलात ते कधी नव्हतंच.) उलट वांगं, भेंडी, डाळी, मूग, मटकी यांत जो विरघळणारा चोथा असतो तो आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो, मग नवीन पित्त बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. म्हणजे वांगं आपल्या बाजूचं आहे. आपल्या जळगावच्या ज्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आणि आप्पांनी पेपरातलं कात्रण देवघराच्या फडताळात ठेवलं, ते वांगं आपल्या घरातून कसं बंद होईल?

नडतं ते वरचं तेल आणि सोबतची पुरी. भरीत पार्टीत आपण काय करतो ते आठवा, पातेल्यात बोटभर तेल, त्यात शेंगदाणे तळायचे, खोबरं तळायचं, मिरची तळायची, मग भरीत टाकायचं, आणि वाढताना बाजूला तेल सुटलेलं दिसलं की जमलं असं म्हणायचं. आणि एकेक जण आठ-दहा पुऱ्या. वांगं तेल कसं पितं ते आई तुला मी काय सांगू.

म्हणून मी असं ठरवलंय. मी पुढच्या शुक्रवारी रात्री येतेय, शनिवारी संध्याकाळी शेतात, विहिरीजवळ, आपण नेहमीसारखं भरीत करायचं, कपाशीच्या काड्यांवरच करायचं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, मी इथे पुण्यात दोन हिवाळे करून पाहिलंय. काड्यांचा जाळ भरकन होतो, वांग्याला चारी बाजूंनी लागतो आणि धुराचा वास आत उतरतो, तीच तर सगळी चव आहे आणि त्याला एक थेंब तेल लागत नाही. काड्या खाली अंथरायच्या, वर वांगी, परत वर काड्या, पेटवायचं आणि लांब काठीनं फिरवत राहायचं, देठाजवळ मऊ पडलं आणि रस गळायला लागला की काढून पातेल्यात झाकून ठेवायचं म्हणजे साल आपोआप सुटते. जळलेली साल सगळी नीट काढायची, काळं आत राहू द्यायचं नाही.

मिरच्या आणि लसूणही त्याच आरात भाजायचे, तळायचे नाहीत. लसणाचा अख्खा गड्डा राखेत पुरला ना आई, की आतून लोण्यासारखा होतो. शेंगदाणे खापरावर कोरडे भाजायचे. मग सगळं लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायचं, भरपूर कांद्याची पात आणि कोथिंबीर कच्चीच घालायची. आणि तेल, आठ माणसांच्या भरताला चार मोठे चमचे, मोजून, त्यातच जिऱ्याची फोडणी. मी हे मैत्रिणीच्या शेतावर करून पाहिलं, पहिल्या घासाला जरा वेगळं लागलं, तिसऱ्या घासाला कोणाला आठवणही राहिली नाही. मीठ मात्र कमी घाला, दिवसभरात माणशी एक छोटा चमचाभर मीठ, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत, आणि त्यात पापड-लोणचं सगळं आलं.

सोबत कळण्याची भाकरी, पुरी नाही. चार किलो ज्वारीला एक किलो उडीद टाकून आई तू दळून आणतेस तीच. चुलीवर तव्यात टाकून मग आरावर टम्म फुगवलेली, तिला तेल नको तूप नको. जवसाची चटणी करून ठेव, जवस भाजून कुटलेलं असलं पाहिजे, अख्खं खाल्लं तर तसंच निघून जातं. त्यात ओमेगा ३ असतं आणि तो विरघळणारा चोथाही, आपल्या लोकांनी उगाच नाही हिवाळ्यात जवस ठेवलं.

रविवारी बट्टी. आप्पा, बट्टी नाही म्हणणार नाही मी. पण तळलेली नको, गोवऱ्यांतली. गोवऱ्या पूर्ण पेटून वर पांढरी राख धरली, ज्वाळ गेली, की मग बट्ट्या पुरायच्या, अर्धा-पाऊण तास. जाडसर गहू, थोडा मका, ओवा, हळद, मोहन अगदी हाताला लागेल इतकंच. काढल्यावर फडक्यानं झटकून तशाच कुस्करायच्या आणि वर भरपूर वरण, इतकं की बट्टी बुडाली पाहिजे. आपण तुपाच्या वाटीत बट्टी बुडवून काढतो तिथे सगळा घोटाळा होतो. एका मोठ्या चमचाभर तुपात ८ ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड फॅट असतं, आणि एलडीएल वाढवणारं मुख्य तेच. एलडीएल वाढलेल्या माणसानं ते दिवसाला १३ ग्रॅमच्या आत ठेवावं असं सांगतात. तीन बट्ट्या तुपात बुडवल्या की दोन-तीन दिवसांचा कोटा एका ताटात संपला. तर एक छोटा चमचा तूप, शेवटी, वरणावर, वास येतो, मन भरतं. ते तूप साजूक, घरचं असू द्या, डालडा कधीच नको.

स्टँडवरच्या शेवभाजीबद्दल एवढंच सांगते की तिथे तेच तेल दिवसभर पुन्हा पुन्हा तापतं, तळलेली शेव आणि वर तीन बोटं तर्री. महिन्यातून एकदा घरी करू, शेव मूठभर, रस्सा पातळ, वरची तर्री पळीनं काढून बाजूला. आणि आई, ती बाजूला काढलेली तर्री तू शिळ्या भाकरीबरोबर खाऊ नकोस. मला माहितीये तू खातेस, वाया जाऊ नये म्हणून, सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याजवळ उभ्यानं. तुझा रिपोर्ट कोणी काढलाय का आजपर्यंत? पाळी गेल्यानंतर बायकांचं एलडीएल वाढतं आणि आपल्याकडे कोणी बघतच नाही, बायकांना कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, मळमळतं, खूप थकवा येतो आणि तू म्हणतेस काम जास्त झालं. त्या शनिवारी सकाळी दोघांचंही रक्त द्यायचं. शुक्रवारी रात्री आठ वाजता जेवून घ्या, मग सकाळपर्यंत फक्त पाणी, मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन.

तेलाचा हिशोब वहिनीला सांगितलाय. माणशी दिवसाला चार छोटे चमचे, तुम्ही चौघं, म्हणजे महिन्याला अडीच लिटरच्या आत सगळं, फोडणी, तळण, लोणचं. १५ किलोचा डबा आणला की हात सैल सुटतो, म्हणून आता डबा नको, दोन-अडीच लिटरच आणा आणि महिना पुरवा. वहिनीनं हो म्हटलंय, तिला एकटीला लढायला लावू नका.

तंबाखूचं मी दरवेळी बोलते आणि आप्पा तुम्ही उठून जाता. या वेळी उठू नका. गोळी, भरीत, भाकरी सगळं एका बाजूला आणि ती पुडी दुसऱ्या बाजूला, ती रक्तवाहिन्या आकसवते, बीपी वाढवते, या सगळ्या कष्टावर पाणी फिरवते. एकदम सुटत नसेल तर डॉक्टरांकडे त्याचीही मदत मिळते, मी बरोबर येते. आणि रोज अर्धा तास चाला, आठवड्यात पाच दिवस, जरा दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगानं. बागेत पाणी बघायला गेलात ते यात धरायचं नाही, तिथे तुम्ही चालता कमी आणि उभे जास्त राहता. फक्त या थंडीत पहाटे पाचला नको, गारठ्यानं नसा आखडतात आणि हृदयावर ताण येतो, ऊन पडल्यावर निघा, कानटोपी घालून.

शेकोटीजवळ बसताना दोघांनीही वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसायचं. आईनं गॅस येईपर्यंत चुलीचा धूर खाल्लाय, तो फुफ्फुसाला तर वाईटच पण हृदयालाही वाईट, त्यामुळे त्या दिवशी जाळाशी दादा आणि मी, आई तू खाटेवर बसून फक्त सांगायचं. आणि पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा टाकायचा नाही, वाळलेली केळीची पानं आहेत की ढीगभर.

तर आप्पा, कपाशीच्या काड्या पेटवून टाकू नका, दोन मोठे भारे विहिरीच्या शेडमध्ये ठेवा, दव लागू देऊ नका. वांगी शनिवारीच तोडा, वजनाला हलकी, हिरवी, पांढऱ्या रेघांची, बी कमी असलेली, तुम्हाला हातात घेतल्यावर कळतं. केळीची पानं आठ. गोळी आज रात्रीपासून परत सुरू करा, डॉक्टरांशी मी काल बोलले, तोच डोस चालू ठेवायला सांगितलाय, पाकीट देवघराजवळ डाव्या हाताला आहे असं वहिनी म्हणाली. घेतली की दादाच्या फोनवरून मला नुसतं "घेतली" एवढं टाका.

तुमची,
ताई