खलपात्राला निर्दोष ठरवू नका

महोदय,

अभिजात परीकथा खलपात्राच्या नजरेतून सांगायच्या म्हणजे त्याला धुतल्या तांदळासारखे ठरवायचे, असा समज अशा बहुतेक लेखनात दिसतो. तिथेच कथा फसते, कारण मग दुष्टपणा उचलून नायकाच्या माथी मारला जातो आणि फक्त पाट्या बदलतात. घटना मूळच्याच ठेवाव्यात, कारणे नव्याने शोधावीत.

ही कारणे बरेचदा मूळ संहितेतच पडून असतात. एल. फ्रँक बाम यांच्या १९०० सालच्या, ओझ या जादुई देशाच्या कथेतली पश्चिमेची चेटकीण पाहा. एकच डोळा, हातात छत्री. अंधाराला घाबरते, पाण्याला त्याहून जास्त. पंखवाली माकडे सोन्याच्या टोपीने तीनदाच बोलावता येतात आणि दोन खेपा आधीच संपलेल्या. तिने धाडलेले लांडगे, कावळे, मधमाश्या मेल्यावर ती शेवटची खेपही खर्च करते. कथेची नायिका असलेल्या डोरोथी या मुलीच्या चांदीच्या जादुई बुटांसाठी ती इतकी का झुरते, ते इथे कळते: दुसरे बळच उरलेले नाही. केवढा ऐवज आहे हा! पण लेखक धावतात हिरव्या कातडीकडे, जी बाम यांच्या पुस्तकात नाहीच. ती १९३९च्या चित्रपटातून आली.

निवेदन प्रथमपुरुषी ठेवले तर आणखी एक पेच येतो. चेटकिणीला आपल्या वाड्याबाहेरचे किती ठाऊक असणार? शिवाय बादलीभर पाणी अंगावर पडून ती विरघळल्यावर पुढचे कोण सांगणार, हे पहिले वाक्य लिहिण्याआधीच ठरवावे लागते.

– एक वाचक