भरतनाट्यमचं वय एका आकड्यात मावत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

भरतनाट्यमविषयी काहीही छापून आलं, की त्यात ‘दोन हजार वर्षांची अखंड परंपरा’ हे शब्द हमखास असतात. त्यातला ‘अखंड’ हा शब्द खरा नाही. या नृत्यात वेगवेगळ्या काळांचे थर आहेत आणि प्रत्येकाचं वय निराळं आहे.

सर्वांत जुना थर विचारांचा. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात ऋषी भरताला विचारतात, नृत्त (निव्वळ तालावरचा, गोष्ट न सांगणारा नाच) गीताचा अर्थ सांगत नाही, मग ते निर्माण केलंच कशाला? उत्तर मिळतं : नृत्ताला अर्थाची अपेक्षा नाही, ते शोभा आणतं म्हणून योजलं. नृत्त तालावर चालणारं आणि नृत्य भावावर, ही स्पष्ट विभागणी पुढे दहाव्या शतकात धनंजयाच्या दशरूपक या नाट्यविषयक ग्रंथात दिसते. आज आपण दोन्हींना सरसकट ‘नृत्य’ म्हणतो. मग तिल्लाना, म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी येणारा मुख्यतः नृत्ताचा भाग, पाहून ‘यातली गोष्ट काय?’ असं प्रेक्षक विचारतात, यात त्यांचा दोष नाही.

दुसरा थर शिल्पांचा. तंजावरचं बृहदीश्वर मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण झालं. वरच्या मजल्यावर गाभाऱ्याभोवती नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी ८१ कोरलेली आहेत; पुढच्या २७ जागा तशाच राहिल्या. पण करण म्हणजे हात आणि पाय यांची मिळून होणारी हालचाल, आणि दगडात तिचा एकच क्षण पकडता येतो. एक शिल्पी सुरुवात कोरतो, दुसरा शेवट, म्हणून एकाच नावाचं करण दोन मंदिरांत वेगळं दिसतं. चिदंबरमच्या गोपुरांत करणांशेजारी श्लोकही कोरलेले आहेत, त्यामुळे कोणतं कुठलं हे तरी कळतं. दोन क्षणांच्या मधली हालचाल मात्र कुणाला तरी नव्याने रचावी लागते. ‘शिल्पात आहे तेच आज नाचतात’ असं म्हणता येत नाही, ते यामुळे.

आज वर्गात विद्यार्थी करणांपासून सुरुवात करत नाहीत, अडवूंपासून, म्हणजे हातापायांच्या मूलभूत हालचालींपासून करतात. पहिला तट्टडवू, पाय आपटण्याचा. अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसलेल्या स्थितीत) राहून, ‘तैया तै’च्या बोलांवर, तीन काळांत, म्हणजे तीन वेगांत : पहिल्याच्या दुप्पट दुसरा, दुसऱ्याच्या दुप्पट तिसरा. बिघडतं ते बहुतेक तिसऱ्या काळात. वेग गाठायच्या नादात गुडघे सरळ होऊ लागतात आणि डोकं खालीवर होतं. अरमंडीत पाय खुब्यापासून बाहेर वळायला हवा. नुसते चवडे वळवले तर गुडघे पुढे झुकतात, तळव्याची कमान खचते आणि दुखणं मागे लागतं. हे दुरुस्त करायचं तर आधी पहिल्या काळात परतावं लागतं, याला जवळचा रस्ता नाही.

तिसरा थर कार्यक्रमाच्या क्रमाचा. अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा क्रम बसवण्याचं श्रेय चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांना दिलं जातं. काळ एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध, दरबार तंजावरचा, आणि गादीवर भोसले. सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या नावावर ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ ही चक्क मराठीतली नृत्यरचना आहे. एकच कथासूत्र आणि एकच राग-ताल धरून एकामागून एक नाचायचे प्रकार तीत बांधले आहेत. भरतनाट्यमच्या मराठी लेखात तिचा उल्लेख क्वचितच सापडतो, याचं वाईट वाटतं.

नाव तर सर्वांत ताजं. ‘सदिर’ म्हणून ओळखला जाणारा हा नाच १९३० च्या दशकात ‘भरतनाट्यम्’ या नावाने रूढ झाला. पुढे १९४७ च्या मद्रास कायद्याने देवदासी प्रथा आणि देवळातला नाच बंद झाला. ज्या घराण्यांतल्या स्त्रियांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवली, त्यांच्यापैकी बहुतेकींचा मंच त्या काळात गेला, आणि तोच नाच इतर घरांतल्या मुली शिकू लागल्या. ‘अखंड’ म्हटलं, की नेमक्या या स्त्रिया इतिहासातून पुसल्या जातात.

म्हणून विनंती एवढीच : बातमीत वर्षं लिहाल तेव्हा ती ग्रंथाची, शिल्पाची, कार्यक्रमाच्या क्रमाची की नावाची, हेही लिहावं. आणि परीक्षणात वर्णम् कुणाची रचना, नट्टुवांग (झांजांवर बोल म्हणत नाचाला साथ) कुणी केलं, यासाठी एक ओळ ठेवावी.

आपला,
एक नृत्याभ्यासक