फ्रेंचच्या रस्त्यावर इंग्रजीचा टोलनाका कायले?

संपादक साहेब, नमस्कार.

आमची पोरगी नागपूरले अकरावीत आहे, मराठी सोडून फ्रेंच घेतली, मार्क चांगले पडते म्हणे. मले तवा रागच आला होता, पण तो विषय वेगळा. यंदा पोळ्याले तिले येता आलं नाही. खांदेमळणीच्या सांजेले बैलाच्या खांद्याले हळद-तूप चोळत होतो, आज आवतन घ्या उद्या जेवाले या म्हणणं चालू होतं, अन् मोबाईल वाजला. तिचा मेसेज, "बाबा, ज त मांक". लगेच दुसरा, "चुकलं, त्यू म मांक". हळदीच्या हातानं स्क्रीन पिवळी झाली, समजलं कायीच नाही, मंग फोनच लावला.

तर तिले लिहायचं होतं तुमची आठवण येते. क्लासात 'आय मिस यू'वरून शिकवलं, तिनं एकेक शब्द जोडला अन् अर्थ निघाला बाबा, तुम्हाले माझी आठवण येते! (तेही खोटं नव्हतं म्हणा.) फ्रेंचमध्ये ज्याची आठवण येते तोच कर्ता, म्हणजे 'तू मले उणा पडतो' असं कायीतरी. अन् बापाले 'त्यू', म्हणजे तू? तर तिकडं घरात मायबाप दोघंही त्यूच, 'वू' बाहेरच्यांले. आमच्याकडं माय तेवढी तू, बाप तुम्ही.

भुकेचंही तसंच. पोरं 'ज स्वी फँ' लिहून येतात, म्हणजे मी भूक आहे, कारण डोक्यात 'आय ॲम हंग्री' असते. बरोबर आहे 'झे फँ', माझ्यापाशी भूक आहे. भीती, लाज हेही असंच माणसापाशी असते. आता आपलं पाहा, भूक लागते, भीती वाटते, लाज येते, भूक ही वेगळी चीज आहे, ती येऊन आपल्याले लागते, आपण काही भुकेले होऊन बसत नाही. मले भूक लागली म्हणणाऱ्या पोराले मराठीतून सांगितलं तर मिनिटात समजंल, पण मधात इंग्रजी उभी केली का दोन वेळा उलथापालथ.

सगळंच जुळते असं नाही. 'ज तेम' म्हणजे प्रेम, पण त्याले 'बियाँ', म्हणजे 'चांगलं', जोडलं का प्रेम वाढत नाही, उतरते, नुसती आवडतेस एवढंच राहते. पोरीनं आजीले लाडात बियाँ जोडून पाठवलं. आजीनं इचारलं, जेवली का? मन उदास असलं का फ्रेंच माणूस म्हणते माझ्यापाशी झुरळ आहे, आम्ही म्हणतो गमत नाही. होस्टेलात दोन्ही झुरळं आहेत म्हणते पोरगी.

ज्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच पंडितानं मराठी कशी घडली यावर फ्रेंचमध्ये मोठं पुस्तक लिहिलं, १९२० मध्ये छापलं. मराठीची गोष्ट थेट फ्रेंचमध्ये सांगता येते, मंग आपल्या पोरांले तिकडं जायले मधात इंग्रजी कायले लागावी? खेड्यातल्या पोरांचं इंग्रजी आधीच कच्चं, फ्रेंचसाठी पहिले तेच घोटत बसतात. पुस्तकवाल्यांनी मराठीतून समजावणारी लहानशी फ्रेंच पुस्तिका काढावी, राग-लोभ-भूक-आठवण तिच्यात पहिल्या पानावर घ्यावी.

पोरीनं वहीत आता दोनच रकाने ठेवले, एक फ्रेंचचा, एक मराठीचा. तिसरा खोडला.

एक कास्तकार,
ता. आर्वी, जि. वर्धा