विवाल्डी म्हणजे नुसते ‘फोर सीझन्स’ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतील पाश्चात्त्य अभिजात संगीतावरचा लेख वाचला. ‘फोर सीझन्स’चा कर्ता, अठराव्या शतकातला इटालियन संगीतकार विवाल्डी याने ५०० च्या आसपास कॉन्चेर्तो (एक किंवा अनेक वाद्यांना वाद्यवृंदाच्या साथीत पुढे आणणाऱ्या रचना) लिहिले आणि ते सगळे एकाच साच्यातले, या जुन्या शेऱ्याची त्यात पुन्हा री ओढली आहे. हा शेरा अन्यायाचा आहे. तो टिकून राहतो, कारण आपण विवाल्डी बहुतेक व्हायोलिनवरच ऐकतो. ज्या वाद्यांना आज फारसे कुणी वाली उरलेले नाही, त्यांच्यासाठी त्याने काय लिहिले ते ऐकल्यावर असे म्हणवत नाही.

व्हिओला दामोरेचेच पाहा. या वाद्याला गजाने वाजवायच्या सहा-सात तारा असतात आणि त्यांच्याखाली तितक्याच तरफा. होय, सारंगीला आणि सतारीला असतात तशाच, न छेडता आपोआप झंकारणाऱ्या. विवाल्डीने या वाद्यासाठी सहा एकल कॉन्चेर्तो लिहिले आणि ल्यूट या छेडून वाजवायच्या जुन्या तंतुवाद्याच्या जोडीने सातवा. सातही डी किंवा ए या स्वरांवर उभे आहेत, कारण वाद्य त्या पट्टीत जुळवले की मोकळ्या तारा आणि तरफा मिळून घुमतात. साचा वापरणारा माणूस वाद्याच्या अंगाचा इतका विचार करत नाही.

त्याहून नवलाचा आहे तो मार्च १७४० चा कार्यक्रम. सॅक्सनीचा युवराज फ्रीडरिख ख्रिश्चन व्हेनिसला आला होता, आणि त्याच्यासाठी पिएता या अनाथाश्रमातील मुलींनी वादन केले. त्यासाठी लिहिलेल्या एका कॉन्चेर्तोत (विवाल्डीच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक आरव्ही ५५८) दोन मँडोलिन, दोन थिऑर्बो, दोन रेकॉर्डर (उभ्या धरून वाजवायच्या बासऱ्या), दोन शालुमो, एक चेलो आणि ‘ट्रॉम्बा मरीना’च्या ढंगाची दोन व्हायोलिन एकत्र येतात. थिऑर्बो म्हणजे लांबलचक मानेचे, खर्जाच्या तारांचे ल्यूट. शालुमो हे क्लॅरिनेटचे पूर्वज, क्लॅरिनेट आल्यावर मागे पडलेले. ट्रॉम्बा मरीना या उंच, एकतारी वाद्याच्या घोडीचा एक पाय मोकळा असतो. तो लाकडावर थरथरतो आणि तुतारीसारखा कर्कश आवाज उमटतो. विवाल्डीला तो व्हायोलिनमधून हवा होता! तंबोऱ्याची जवारी वेगळ्या रीतीने काढतात, पण नितळ स्वरावर समाधान न मानता त्यात झणकार आणायची ओढ तीच. आमच्या मिरजेत जवारी काढणाऱ्या कारागिराला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

हे सगळे शक्य झाले ते पिएतामुळे. विवाल्डी तिथे १७०३ पासून शिकवत होता. तिथल्या मुली एकेक नव्हे, अनेक वाद्ये वाजवत. त्यांच्यातली आन्ना मारिया व्हायोलिनबरोबर व्हिओला दामोरे, थिऑर्बो, ल्यूट आणि मँडोलिनही वाजवी. समोर असे हात असल्यावर संगीतकाराने वाद्ये का धुंडाळू नयेत? पुढे मात्र त्याचे दिवस फिरले. १७४० मध्येच त्याने व्हेनिस सोडले आणि पुढच्या जुलैत तो व्हिएन्नात गरिबीत वारला. त्याच्या हस्तलिखितांचा मोठा साठा १९२६ मध्ये इटलीतील एका मठाच्या संग्रहातून उजेडात आला आणि आता तुरीनच्या ग्रंथालयात आहे. म्हणजे जगाला हा विवाल्डी कळला तो विसाव्या शतकात.

ल्यूटचा कॉन्चेर्तो (आरव्ही ९३) आज बहुतेक वेळा गिटारवर वाजतो. त्यातली मधली संथ गत गिटारवरही सुंदर लागते, हे मान्य. पण व्हिओला दामोरेच्या जागी साधा व्हिओला घेतला की तरफा गेल्या, आणि तरफा गेल्या की लिहिलेले संगीतच अर्धे राहिले. तरफेचा नाद कानात मुरलेल्या श्रोत्यांना हा फरक लगेच जाणवेल. म्हणून मुंबई-पुण्यात पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम ठरवणाऱ्यांना विनंती, की जुनी वाद्ये वाजवणारे कलाकार बोलावून यातले दोन-तीन कॉन्चेर्तो तरी ऐकवावेत, शक्य तर सारंगीच्या मैफलीला जोडून. आपणही पुरवणीत या वाद्यांवर सचित्र लेख द्यावा. वाचकांनी तोवर व्हिओला दामोरे आणि ल्यूटच्या जोडकॉन्चेर्तोपासून, आरव्ही ५४० पासून, सुरुवात करावी. तोही त्या युवराजासाठीच वाजला होता.

आपला,
एक वाचक, मिरज