पेचकस कानाला लावून

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

आफ्रिकेतल्या मलावीत दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायला तू वर्षभर स्वयंसेवक म्हणून चाललीस. फोनवर तू घाईत असतेस आणि मला ऐनवेळी काही सुचत नाही, म्हणून लिहून पाठवतो.

परवा कापसाच्या जिनिंगमधून घरी आलो तर आजी ओसरीवर वाती वळत बसली होती आणि शेजारचे काका तिला विचारत होते, "पोट्टी आफ्रिकेत चालली म्हंते, पगार किती?" मी म्हटलं, पगार नाही, राहायला खोली आणि खर्चापुरता भत्ता. "मंग जाते काहून बाप्पा?" मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात आजीच बोलली. पन्नासच्या दशकात वरोऱ्याला आनंदवन उभं राहत होतं, तेव्हा सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक तिथे बांधकामाला आले होते. आजीच्या माहेरची माणसं बैलगाडी जुंपून ते गोरे पाहायला गेली होती म्हणे. आजी म्हणाली, "तवा ते आपल्या इथं इटा वाहून गेले, आता आपली पोट्टी तिकडं जाते. फिटंफाट झाली." काका चहा पिऊन निघून गेले.

तुझ्या आईचं एवढ्यावर भागत नाही. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, त्यात सोलापूरचे कोटणीस होते, हे तिला शाळेपासून पाठ. ते १९४२ मध्ये तिकडेच वारले, अवघ्या ३२ व्या वर्षी, हेही पाठ. मी तिला सांगितलं, अगं, त्या पाचांत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर पण होते आणि ते घरी परत आले. हे तिला ठाऊक नव्हतं. त्या रात्री ती दोन घास जेवली. आता रोज दिवा लावताना विचारते, "चोळकर परत आले होते ना, नक्की?" तेव्हा पोचल्याबरोबर फोन करजो. मलावी आपल्या साडेतीन तास मागे. तू रात्री नऊला केलास तर इथे साडेबारा वाजलेले असतील, तरी कर. ती जागीच असेल.

तू दिलेले कागद मी चष्मा लावून दोनदा वाचले. परदेशी स्वयंसेवक पाठवणारी ब्रिटनची व्हीएसओ ही संस्था १९५८ मध्ये निघाली तेव्हा शाळेतून सुटलेली अठरा वर्षांची पोरं पाठवायची. पुढे पुढे नर्स, शिक्षक, इंजिनियर असे हाती काम असलेले लोक जायला लागले. संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक १९७१ पासून जातात, ते पण बहुतेक शिकले-सवरलेले. वाचून मला हसू आलं. नुसता उत्साह पाठवून भागलं नाही, शेवटी फिटरच लागला.

त्यातली एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. १६ गरीब देशांतल्या दवाखान्यांच्या यंत्रांच्या याद्या तपासल्या, तर १०० मागे जवळपास ३८ यंत्रं बंद पडलेली. कारणं काय, तर चालवणाऱ्याला कोणी नीट शिकवलं नाही, सांभाळायची काही व्यवस्था नाही, विजेचा भरवसा नाही. दिवाळीत तू मला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर समजावलास, तेव्हा म्हणाली होतीस की झिओलाइटचे दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. पण आत ओलावा शिरला की दाणे बाद. मी म्हटलं होतं, ओला कापूस जिनमध्ये घातला की आमचंही तेच रडगाणं. तू हसलीस. मी मस्करीत बोललो नव्हतो.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. तुझ्या आईलाही ती अर्धीच माहीत आहे.

तू चौथीत असशील. पैनगंगेपलीकडे, आदिलाबादच्या बाजूला एका जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या डबल रोलर मशिनी बसवायला मला पाठवलं होतं. पंधरा दिवसांचं काम मी अकरा दिवसांत उरकलं. तिथे तेल-ग्रीस करणारा एक पोरगा होता, विशीतला, मराठी-तेलुगू मिसळून बोलायचा. सारखा मागे मागे. हे काय, ते काहून. मी त्याला म्हणायचो, बाजूला हो लेका, पट्ट्यात हात जाईल. खरं कारण वेगळं होतं. त्याला सांगत बसलो तर माझा वेळ जायचा.

रोलरवरचं चामडं झिजतं, त्यावरच्या खाचा बुजतात, मग चाकू आणि रोलरमधला मेळ बिघडतो, सरकी फुटते, रुईत तुकडे येतात आणि भाव पडतो. ते जुळवणं मला येत होतं, तिथे कुणालाच नाही. म्हणून त्या एका हंगामात त्यांनी मला तीनदा बोलावलं. दर वेळी एसटीचं भाडं, कोंबडीचं जेवण, मालक स्वतः फाटकापर्यंत सोडायला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटायचं.

चौथ्या वेळी मी तापानं फणफणलो होतो. चार दिवसांनी गेलो तर मशीन सुरू! त्या पोरानंच पाना घेऊन उघडलं होतं. मोजायला गेज नव्हता, म्हणून बिडीच्या बंडलाचा कागद दुमडून त्यानं फट जुळवली होती. मी पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि ऐकलं. काही खरखर नाही, एकसारखा आवाज. पोरगा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी "ठीक आहे" एवढंच म्हणालो आणि दुपारच्या गाडीनं परत आलो. कोंबडी नाही, काही नाही. रस्ताभर मला राग कुणाचा येत होता हे तेव्हा कळलं नाही.

हे तुला का सांगतो? वॉर्डात बंद पडलेलं यंत्र तू सुरू करशील, लेकराच्या ओठांचा रंग पालटेल आणि सगळे तुझ्याकडे बघतील. ते बघणं फार गोड असतं, माई. मला त्याची सवय लागली होती.

म्हणून पहिले आठ दिवस, जीव अडला नसेल तर, काही उघडू नको. फिल्टर कोण धुतो, लाइन गेली की धावत कोण येतं, त्याच्याजवळ बसजो. अडगळीची खोली पाहजो. मेलेल्या तीन मशिनींतून एक जिवंत होते, आणि कोणती होईल हे तिथल्या कुणाला तरी आधीच माहीत असतं, त्याला विचारलेलं नसतं. तिकडच्या चिचेवा भाषेत आधी पाना, तार, फ्यूज यांची नावं शीक, नमस्कार-चमत्कार मागून. भिंतीवर काही लिहून लावलंस तर ते लिहिणारा हात तिथला असू दे आणि खाली नावही त्याचंच. वर्षानं तू निघशील तेव्हा तुझा नंबर कुणी मागितला नाही, तर रुसू नको. मी रुसलो होतो.

बाकी किरकोळ. आपल्याकडे वेचणी चालू असते तेव्हा तिकडे पावसाळा, नोव्हेंबर ते एप्रिल. मलेरिया आहे, गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच आणि मच्छरदाणी रोज, गडचिरोलीत असताना टाळायचीस तसं नाही. मक्याच्या पिठाचं न्सिमा खातात, घट्ट उकडलेलं. आई तिखटाची पुडी देते आहे, नको म्हणू नको. प्लगच्या पिना तिकडे चौकोनी असतात, दोन अ‍ॅडाप्टर नागपूरहून आणून ठेवलेत.

आणि माझा तो लाकडी मुठीचा पेचकस पिशवीत बांधलाय. मोठ्या बॅगेत टाकजो, हातातल्या बॅगेत ठेवलास तर विमानतळावर काढून घेतील. तिथे मागे मागे फिरणारं कोणी भेटलं तर त्यालाच देऊन ये. मी इकडे नवीन घेईन.

तुझा,
बाबा