शर्यत उभी करणाऱ्यांवरही चार ओळी छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ करायच्या शर्यतीची, बातमी आपल्याकडे आली तरी ती एवढीशी असते, पहिला कोण दुसरा कोण आणि मेडल गळ्यात घातलेला फोटो, बास. खेळाडूंचं कौतुक व्हायलाच हवं, त्यात वादच नाही, पण ही शर्यत उभी करणारी जी माणसं आयुष्यभर या खेळासाठी राबतात त्यांचं नाव कुठेच येत नाही हे मला मनापासून खटकतं म्हणून लिहितोय.

लेस मॅकडोनाल्ड हे नाव आपल्यातल्या किती जणांनी ऐकलंय? मूळचा इंग्लंडचा, पुढे कॅनडात स्थायिक झालेला हा माणूस. 1989 साली फ्रान्समधल्या अविन्यॉला ट्रायथलॉनची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा हा तिचा पहिला अध्यक्ष झाला आणि 2008 पर्यंत राहिला. तेव्हा या खेळाला धड एक ठरलेलं अंतरही नव्हतं, कुठे छोटी शर्यत कुठे हवाईची ती राक्षसी अंतराची आयर्नमॅन शर्यत. मग 1.5 किलोमीटर पोहणं, 40 सायकल आणि 10 धावणं हे अंतर जगभर पक्कं झालं, 1994 ला पॅरिसमध्ये ऑलिम्पिकचा होकार मिळाला आणि 2000 ला सिडनीत ऑपेरा हाऊसच्या शेजारी पाण्यात पहिल्या उड्या पडल्या त्या महिलांच्या. संघटना जन्मल्यापासून पाच वर्षांत ऑलिम्पिकचा होकार, म्हणजे किती दारं ठोठावली असतील विचार करा! आणि महिलांना पुरुषांइतकीच बक्षिसाची रक्कम, हा आग्रह त्याने पहिल्यापासून धरला. आज मोठमोठ्या खेळांना जे जमत नाही ते या छोट्या खेळाने तेव्हाच केलं, मला यातलं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. त्याच्यानंतर स्पेनच्या मारिसोल कासादो 2024 पर्यंत अध्यक्ष होत्या, त्यांच्या काळात मिक्स्ड रिले, म्हणजे पुरुष आणि महिला एकाच संघातून आळीपाळीने उतरतात ती शर्यत, ऑलिम्पिकमध्ये आली.

आता आपल्याकडे या. आमच्या ओळखीचे एक सर आहेत, रिटायर झालेत, नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही. शर्यत असली की पहाटे अंधारात ट्रान्झिशनला हजर, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घेतात ती जागा. प्रत्येकाच्या सायकलचे दोन्ही ब्रेक दाबून बघणार, हँडलच्या नळीची टोकं बुचाने बंद आहेत ना ते अंगठ्याने चाचपणार, कारण पडल्यावर ती उघडी नळी पोटात घुसते. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावू देत नाहीत, मग समोर कुणीही असो. पोरं वैतागतात, पण पाम बीचसारख्या सरळ रस्त्यावर सायकल काय स्पीडने जाते ते बघितलेल्याला हा कडकपणा कळेल. शिवाय पोलिसांची परवानगी, रस्ता बंद करायच्या वेळा, अॅम्ब्युलन्स, पाण्यात लाईफगार्ड, शेवटचा माणूस येईपर्यंत उन्हात उभे राहणारे व्हॉलंटियर, हे सगळं त्यांनीच जुळवायचं आणि वर शिव्याही त्यांनीच खायच्या, त्यात मानधन म्हणाल तर शून्य.

पाण्याचा तर वेगळाच ताप. 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सीन नदीचं पाणी खराब म्हणून पुरुषांची शर्यत एक दिवस पुढे ढकलली होती, तिथे ही गत तर आपल्या खाडीचं काय सांगावं. म्हणून आपल्याकडे तरणतलाव शोधा, तो मिळवण्यासाठी ऑफिसात खेटे घाला, नाहीच जमलं तर पोहणं काढून नुसती धावणं-सायकल-धावणं अशी ड्युएथलॉन करा. ऐनवेळी नाही म्हणायची हिंमत लागते हो, शेकडो लोकांनी फी भरलेली असते, ते तोंडावर येऊन भांडतात.

खेळाडूला अर्जुन आहे, प्रशिक्षकाला द्रोणाचार्य आहे, आणि ते योग्यच आहे. पण या माणसांना निदान आपल्या गावच्या पेपरात तरी जागा मिळायला नको का? आपल्या पालिकाही मॅरेथॉन भरवतात, त्यांनी या लोकांना नियोजनाच्या बैठकीत बोलवावं, नवीन पोरांना टेक्निकल ऑफिशियलचं, म्हणजे शर्यतीत नियम पाळले जातात ना ते बघायचं, काम त्यांच्याकडून शिकवावं, नाहीतर हे थकल्यावर हा सगळा अनुभव त्यांच्याबरोबरच जाणार. आणि आपणही रविवारच्या क्रीडा पानावर महिन्यातून एकदा अशा एका संघटकावर लिहा ही कळकळीची विनंती. ठाणे आणि नवी मुंबईतली अशी माणसं मला माहीत आहेत, त्यांना विचारून नावं मी स्वतः आपल्या ऑफिसात आणून देईन.

आपला,
एक वाचक, घणसोली